बिनचवीचे उदक

न्यायालयाच्या आदेशाची बाजू वकिलाने आपल्या आईपुढे मांडावी, असा प्रसंग सहसा येत नाही. आमच्यावर तो 2018 साली उज्जयिनीत आला. गोव्यातील आमच्या घरच्या विहिरीचे पाणी तांब्याच्या गडूत भरून, त्याचे तोंड घट्ट बांधून, आईने ते महाकालेश्वराच्या अभिषेकासाठी आगगाडीतून जपून आणले होते. येथे आल्यावर कळले, की ते चालावयाचे नाही.

ज्योतिर्लिंगाची झीज होत असल्याच्या तक्रारीवरून भूवैज्ञानिक व पुरातत्त्व खात्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली होती. आणि ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात असे ठरले, की दर भक्ताने फार तर अर्धा लिटर, तेही 'आर. ओ.'चे पाणी वाहावे. म्हणजे दाब देऊन अतिसूक्ष्म पडद्यातून गाळलेले. समुद्राचे पाणी गोडे करतात तेही बहुधा याच रीतीने. कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी बहुतेक क्षार पडद्याअलीकडेच राहतात.

धर्मशाळेतही असलेच पाणी होते. एक घोट घेऊन आई म्हणाली, "ह्या उदकाक रूच ना रे."

आम्ही तत्काळ विज्ञानाची साक्ष काढली. पाण्याची चव क्षारांची. समुद्राच्या गोड्या केलेल्या पाण्यात चुनखडीतील क्षार पुन्हा मिसळावे लागतात, नाहीतर ते बेचव तर लागतेच, पण नळही खाते.

परंतु बोलता बोलता आमचीच उलटतपासणी झाली. आमची विहीर जांभ्या दगडातली. त्या दगडातले क्षार पावसाने युगानुयुगे धुऊन नेलेले. तिच्या पाण्यात डाळ चटकन शिजते ती म्हणूनच. तेव्हा आईला आठवत होती ती चव क्षारांची नव्हेच. सून म्हणून आल्यापासून रोज पहाटे ओढलेल्या कळशीची ती चव. तिचे प्रमाण कोणत्या प्रयोगशाळेने काढावे?

आदेश योग्यच होता, असे आम्ही आजही म्हणू. पाषाण टिकला तर पुढच्या पिढ्यांना दर्शन. आईनेही तक्रार न करता मिळाले ते पाणी वाहिले, हात जोडले. सायंकाळी मात्र तिने गडू घेऊन रामघाट गाठला. 2014 पासून शिप्रेत नर्मदेचे पाणी आणून सोडतात, असे आम्ही सहज सांगितले. गडूचे तोंड सोडीत ती म्हणाली, "जाल्यार आमचेंय आसूं दी."

ही याचिका शिप्रामाईने जागच्या जागी मंजूर केली.