गोळ्याला किती घाई आहे?

टाकणखाराचं पाणी पांढऱ्या गोंदात पडत असताना नजर वाटीवरून हलवू नये. चमचा सहज फिरत असतो आणि एकाएकी आतून कुणीतरी तो धरून ठेवतं. कडेला तंतू सुटतात, मधे एक लिबलिबीत गुठळी जमते, उरलेलं पाणी बाजूला अलिप्त राहतं. गुठळी हातात घेतली की आधी गार, ओशट, किळसवाणीच लागते. थोडी मळली की हात सोडते. मुलं याला स्लाइम म्हणतात. बाजारात ते चमकी घालून डबीत मिळतं, पण मला ते आवडत नाही. डबी उघडण्यापलीकडे त्यात आपलं काही कामच नसतं.

सामान सगळं ओळखीचं. टाकणखार काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. सोनार दागिना सांधताना तोच वापरतात. तव्यावर त्याची लाही फुलवून तोंड आलेल्या बाळाला मधातून चाटवायचा जुना रिवाज होता. (आता तो पाळू नये. टाकणखार पोटात जायची वस्तू नाही. खेळून झालं की मुलांचे हात साबणाने धुवावेत.) पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा खार पुरतो. गोंदात गोंदाइतकंच पाणी मिसळायचं आणि खाराचं पाणी थोडंथोडं सोडत जायचं. जास्त झालं तर गोळा ताठरतो, कमी पडलं तर बोटं सोडत नाही.

या गोंदात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या लांबच लांब साखळ्या असतात. पाण्यात त्या एकमेकींवरून घसरत राहतात, म्हणून गोंद ओतता येतो. खार विरघळून तयार झालेला बोरेटचा आयन एकदम दोन साखळ्यांना पकडतो. मात्र ही पकड कच्ची. सुटते, शेजारची धरते, तीही सोडते. सगळी गंमत या कच्चेपणात आहे. पकड पक्की असती तर गोळा पसरलाच नसता.

खरी मजा तो तपासण्यात. दोन चिमटींत धरून सावकाश ओढला की तो लांबतो, मधे पातळ होत होत पलीकडचा उजेड दिसू लागतो. तोच हिसक्याने ओढा, कटकन तुटतो आणि तुटलेली कड अगदी स्वच्छ निघते. ओट्यावर टाकला तर थोडा उसळतो. तिथेच ठेवून चहा प्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्याचं थारोळं झालेलं असतं. फ्रीजमध्ये ठेवला की ताठर होऊन लवकर तुटतो.

माझ्या भाचीने यासाठी वहीत रकाने आखले: सावकाश, मध्यम, हिसका. "मध्यम म्हणजे गं किती?" असं विचारल्यावर ती जरा फुगली आणि पट्टी, मोबाइलमधलं घड्याळ घेऊन आली. वीत लांबायला किती सेकंद, ते मोजू लागली.

मार्कस रायनर या शास्त्रज्ञाने 1964 मध्ये हेच कोडं एका भागाकारात बसवलं. पदार्थाला सैल पडायला लागणारा वेळ भागिले आपण त्याला पाहतो तो वेळ. उत्तर मोठं आलं तर तो घन वाटतो, लहान आलं तर वाहतो. नाव ठेवलं डेबोरा अंक. बायबलच्या जुन्या करारातल्या डेबोराच्या गीतात देवासमोर डोंगर वाहतात; देवाकडे वेळ भरपूर, असा रायनरचा मिश्कील तर्क. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 मध्ये नरसाळ्यात डांबरासारखा पिच भरून ठेवला. हातोडीने तो ठिकऱ्या होऊन फुटतो. तरी 2014 पर्यंत त्याचे नऊ थेंब पडले.

भाचीने शेवटी गोळ्यावर लिंबू पिळलं. आंबटाने बोरेटची पकड सुटते. मळता मळता गोळा पांढरं पाणी होऊन बोटांतून गळू लागला. सतरंजीला चिकटलेला गोळा काढायला व्हिनेगर चालतं ते याचमुळे. खायचा सोडा टाकल्यावर फेस आला, आणि तो बसल्यावर ढवळताना चमचा पुन्हा जड होऊ लागला. एक मात्र करा, उरलेला गोळा मोरीत टाकू नका. जाळीतून तो सावकाश खाली उतरतो, पाइपात जाऊन बसतो, आणि प्लंबरला घाई असते.