टू-स्ट्रोकचा प्लग

स्पार्क प्लगवरच्या अंकाचा ठिणगीच्या ताकदीशी संबंध नसतो. प्लगचे टोक आपली उष्णता किती लवकर हेडकडे सोडते, हे त्या अंकावरून कळते. चालत्या इंजिनात टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी जळून जाते. 850 च्या पुढे गेले की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. आतली पांढरी चिनी माती लांब असेल तर प्लग गरम, आखूड असेल तर थंड.

हिंगोलीच्या रस्त्यांवर हा प्लग अनेकांना पहिल्यांदा भेटला तो राजदूत मोटरसायकलमुळे. गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. राजदूतच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळूनच टाकावे लागे, त्यामुळे प्लग वारंवार काळा होई. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, पान्याने प्लग खोलायचा, पॉलिश पेपरने घासायचा, हेडला टेकवून किक मारायची आणि निळी ठिणगी दिसते का ते पाहायचे. राजदूत असलेल्या घरांतल्या मुलांना गाडी चालवण्याआधी प्लग साफ करता येऊ लागला.

1985 मध्ये यामाहा आरएक्स 100 आली. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, ऑईलची टाकी वेगळी. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, म्हणजे मिनिटाला 7500 फेऱ्यांवर सेकंदाला 125 ठिणग्या. कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करत नांदेडपर्यंत पूर्ण थ्रॉटलवर जाणाऱ्या विशीतल्या पोराला, चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात, थंड प्लगच लागे. तो प्लग त्या गाडीला शोभून दिसे.

1996 मध्ये आरएक्स 100 चे उत्पादन थांबले. उरलेल्या गाड्या मालकांनी जिवापाड जपल्या, पण त्यांचा प्रवास बदलला. घरापासून मोंढ्यापर्यंत, मोंढ्यापासून शेतापर्यंत; मागे बसलेले माणूस, जपून सोडलेला क्लच. इंजिन तापण्याआधीच बंद होते. या गाडीत तरुणपणीचा थंड प्लग ठेवला तर तो आठवडाभरात ओला, काळा होतो आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. अशा वेळी कंपनीच्या पुस्तिकेतल्या अंकावर परत यावे. गाडी कायम जवळच्याच फेऱ्यांत असेल, कार्ब्युरेटर आणि ऑईल पंप नीट असतील, तरच एक अंक गरम घ्यावा. त्याहून पुढे जाऊ नये.

अंक वाचताना मोठा घोटाळा होतो. एनजीकेच्या प्लगवर अंक मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या आजच्या प्लगवर अंक मोठा तितका गरम. जुन्या मायको प्लगच्या डब्यांवर डब्ल्यू 175, डब्ल्यू 225 असे तीन आकडी क्रमांक असत, आणि त्यांत पुन्हा मोठा अंक थंड. म्हणून अंकावरून अंदाज न लावता तुलनेचा तक्ता पाहावा.

आट्यांची लांबीही जुळलीच पाहिजे. एनजीकेच्या बी 7 एचएस मध्ये बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे, एच म्हणजे 12.7 मिलिमीटर लांबी. एच च्या जागी ई असेल तर लांबी 19 मिलिमीटर होते. तो प्लग आखूड हेडमध्ये बसवला की पिस्टनवर आदळण्याची भीती असते. इरिडियमचे बारीक टोक कमी विद्युत दाबावर ठिणगी देते, पण उष्णतेचा अंक चुकलेला असेल तर महाग धातूने काही सुधारत नाही. ऑईल जास्त जाणाऱ्या इंजिनात तोही काळाच पडतो, आणि त्याला पॉलिश पेपर लावता येत नाही.

निवड बरोबर आहे की नाही हे नेहमीच्या रस्त्यावरून फिरून आल्यावरच कळते. इंजिन निवू द्यावे, प्लग काढून उजेडात धरावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग थंड. ओले काळे म्हणजे ऑईल. पांढरेफटक आणि फोड आलेले असेल तर गाडी तशीच पळवू नये, हवा कुठून शिरते ते आधी शोधावे. ठिणगीची गॅप फीलर गेजने पुस्तिकेप्रमाणे करावी. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग आधी हातानेच फिरवावा, वायसर टेकल्यावर पान्याने नव्या प्लगला अर्धा फेरा द्यावा आणि थांबावे.