जुना पिकअप : दोन वर्षांचा हिशोब आणि बाकीचं

मागच्या महिन्यात तिघांनी एकच विचारलं, "दादा, जुना पिकअप घ्यावा का? तुमचा कसा चाललाय?" प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी एक. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. बोलेरो पिकअप घ्या, टाटा योद्धा घ्या, आणखी कुठली घ्या, सहा वर्षं वापरलेल्या गाडीत कंपनीच्या नावापेक्षा आधीच्या मालकानं तिच्यात काय भरलं हे जास्त महत्त्वाचं. माझी गाडी २०१८ च्या मार्चची, बीएस ४, सव्वा टनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४ लाख ४० हजाराला घेतली, तेव्हा मीटरवर १ लाख ४२ हजार होते. आज १ लाख ६३ हजार आहेत. म्हणजे दोन वर्षांत २१ हजार किलोमीटर.

ही घ्यायच्या आधी पाच गाड्या पाहिल्या. दोन वीटभट्टीच्या होत्या. रंग नवा, सीट कव्हर नवं, समोर लिंबू-मिरची. पण खाली वाकून बघितलं तर मागच्या पाट्यांत जास्तीचा पाटा घातलेला. कंपनी देते त्यापेक्षा पाटा जास्त दिसला की समजायचं, ही गाडी दोन-अडीच टन ओढत आलीय. पाटा वाढवून गाडी बसत नाही एवढंच. बाकी चेसिस, हब, ब्रेक, डिफरन्शिअल तेच राहतं. चेसिसला हौदा जिथं बोल्टनं बसतो तिथं वेल्डिंगची शिवण दिसली तर सौदा तिथंच सोडायचा. तिसरी गाडी भाजीच्या व्यापाऱ्याची. चांगली होती, पण कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचा बोजा तसाच. फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या म्हणजे गाडी आपली झाली असं नसतं, आरसीवर नाव चढल्यावरच ती आपली.

मी घेतली ती दुधाची गाडी. दूध संकलनाच्या गाडीचं असं आहे की ती रोज पळते, मीटर जास्त दिसतो, पण वजन ठरलेलं आणि रस्ता ठरलेला. इंजिन सुरू ठेवून तेलाचं झाकण काढलं तर धूर किंवा हवा जोरात मारत नव्हती. दुसऱ्या गिअरला खरखर होती, ती आजही आहे. दुधाच्या गाडीची खोड हौद्यात असते. सांडलेलं दूध आणि रोजचं धुणं यानं पत्रा आतून खातो. माझ्या मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर टोचून दाखवला, आरपार गेला. त्या एका भोकावर मालकानं वीस हजार कमी केले.

आता खर्च. सगळं वहीत लिहिलंय. क्लच प्लेट सेट ९,२००. चार टायर २७,०००. हौद्याचा पत्रा बदलून घेतला १४,५००. बॅटरी ६,३००. स्टेअरिंगचे बॉल जॉइंट वगैरे ५,१००. चार वेळा ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग मिळून १५,२००. एकूण ७७,३००. विमा दोन वर्षांचा ३८ हजार. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीचाच हप्ता सोळा हजारांच्या वर जातो, हे गाडी घेताना कुणी सांगत नाही. बेरीज १ लाख १५ हजार ३००, म्हणजे किलोमीटरला साडेपाच रुपये. डिझेल सरासरी १२ चं पडतं (रिकामी चौदा, भरलेली अकरा), त्याचे साडेसात. गाडीला आज कुणी ३ लाख ७० हजार देईल, म्हणजे घसारा सत्तर हजार, किलोमीटरला तीन-सव्वातीन. सगळं धरून सोळा-साडेसोळा रुपये.

वैराग ते सोलापूर मार्केट जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरा. एका खेपेला १,६४० रुपये. भाड्याचा पिकअप २,८०० घेतो. इथपर्यंत ऐकून सगळे म्हणतात, "मग काय, फायदाच फायदा!"

थांबा जरा. सव्वा टनात कांद्याच्या ५० किलोच्या पिशव्या बसतात २५. १,६४० भागिले २५, पिशवीमागं ६५ रुपये. गावातून चारपाच जणांचा माल गोळा करून मोठी गाडी जाते ती पिशवीला ४५ घेते. म्हणजे कांद्यासाठी स्वतःचा पिकअप महाग पडतो! आता त्याच पिकअपमध्ये ४० पिशव्या टाका. लगेच ४१ रुपयांवर येतं. रस्त्यावर वाकलेले पिकअप दिसतात त्याचं कारण हे आहे. शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून तो जादा भरत नाही, आकडा त्याला भरायला लावतो. दोन टन भरून वडाळा-नान्नजच्या सरळ रस्त्यानं गाडी पळते, काही वाटत नाही. तीच गाडी तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर किती पुढं सरकते ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच माहीत.

मी २५ च्या वर भरत नाही. मग कांदा कसा नेतो? जानेवारीत आवक जोरात असते तेव्हा मोठ्या गाडीनंच पाठवतो. पिकअप फक्त निवडक मालाला. संध्याकाळी फोन करून अंदाज घ्यायचा, चांगला गोलटी सोडून मोठा माल भरायचा आणि पहाटे निघायचं. मोठ्या गाडीवाला त्याची गाडी भरेल तेव्हा निघतो, आपली पिशवी दोन दिवस वाकळ पांघरून बांधावर बसते.

माझ्या गाडीचे पैसे निघतात ते सीताफळात. आपल्या बार्शी तालुक्यात गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांच्या एनएमके-०१ गोल्डन वाणानंतर सीताफळ सगळीकडं गेलं, माझंही दोन एकर आहे. तोडलेलं सीताफळ थांबत नाही, दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. एका तोड्याला ४० क्रेट म्हणजे आठशे किलो निघतात. एवढ्याशा मालाला कुणी भागीदार मिळत नाही, पूर्ण गाडीच भाड्यानं करावी लागते, क्रेटला ७० रुपये. स्वतःच्या गाडीत ४१. भाव बरा असला तर पुण्याला मार्केट यार्डाला, रात्री जेवून निघालं की पहाटेच्या आत पोचतो.

पण सीताफळाला पिकअपचे पाटे बाधतात. गाडी भार ओढायला बनवलीय. आठशे किलोवर पाटा पुरता दबत नाही, मागचा भाग उड्या मारतो. मी मागच्या टायरची हवा थोडी कमी करतो, खाली कडब्याच्या पेंढ्या पसरतो, आणि जड क्रेट केबिनच्या बाजूला लावतो, कारण सगळ्यात जास्त हादरा मागच्या फाळक्याजवळ बसतो. हे करायला लागल्यापासून काळं पडलेलं फळ निम्म्यावर आलंय.

पावसाळ्यात मात्र ही गाडी रानात नेऊ नका. मागच्या चाकांवर ओढणारी गाडी, हौदा रिकामा, खाली काळी चिकट माती. जागेवर चाक फिरत बसतं. माल ट्रॅक्टरनं डांबरीपर्यंत आणायचा, मग भरायचा.

बीएस ४ का, असंही एकानं विचारलं. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाडीत धूर साफ करायची जास्तीची यंत्रणा असते. जवळजवळच्या, हळूहळू चाललेल्या खेपा तिला मानवत नाहीत. बांध ते गाव, गाव ते बांध अशी फिरणारी गाडी असेल तर जुनं इंजिन बरं. आपल्या वैरागातला मिस्त्री ते डोळे झाकून खोलतो.

कागदाचंही सांगतो. आरसीवर एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. घेताना हा आकडा बघा. लायसनचा घोळ सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवलाय : साध्या एलएमव्ही लायसनवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा शिक्का लागत नाही. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं मिळतं, नंतर दरवर्षी. शिवाय आठ वर्षांनी पर्यावरण कर.

आता ज्यावरून गावात माझ्याशी दोन-चार जण नीट बोलत नाहीत ते. बायका.

कांदा लावणीला, काढणीला पंधरा-वीस बाया लागतात. सगळीकडं त्या पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून येतात. ज्याच्याकडं गाडी आहे त्याच्याकडं टोळी आधी जाते, कारण ने-आण फुकट. मी गाडी घेतली तेव्हा टोळीच्या मुकादम मावशी म्हणाल्या, "बरं झालं दादा, आता सकाळी लौकर येतो आम्ही." मी नाही म्हणालो. त्यांना राग आला. "आमच्या अंगाला काय वास येतो का?" असंही म्हणाल्या.

कारण सांगितलं ते असं. ऑगस्ट २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात श्रावणी सोमवारी कुंडेश्वराला निघालेल्या बायकांचा पिकअप चढावरून मागं येऊन दरीत गेला, कितीतरी जणी गेल्या. तो पिकअप आणि माझा पिकअप यात फरक नाही. हौद्याला धरायला काही नसतं, माणसं उभी राहिली की गाडीचं वजन वर जातं आणि वळणावर ती कलते. आणि विमा? मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्याचा माणूस बसला तर १९९४ च्या दुरुस्तीनं तो धरला जातो. पण मालाच्या गाडीत फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००३ सालीच सांगितलंय. म्हणजे उद्या काही झालं तर त्या बाईच्या घरच्यांनी माझी जमीन मागायची, आणि ती विकूनही पुरणार नाही.

हे माझ्या खिशाला लागतं. मी लावणीच्या दिवसांत भाड्याची प्रवासी जीप लावतो, दोन फेऱ्या, दिवसाला ९०० रुपये. शेजारचे आण्णा म्हणतात, "एवढ्या पैशात तुझ्या पिकअपचं डिझेल आठवडाभर चाललं असतं." खरंय. मागच्या लावणीला टोळी एक दिवस उशिरा मिळाली, रोपं मलूल पडली. यंदा मावशींनी आपणहून विचारलं जीप कधी येणार म्हणून, पण त्यांच्यातल्या सहा बाया आण्णांच्या हौद्यात बसून आण्णांकडंच गेल्या.

मग घ्यावा का? चाळीस क्रेट नाहीतर पंचवीस पिशव्यांच्या आतला, न थांबणारा माल वर्षात पन्नास-साठ वेळा निघत असेल तर घ्या. फळ असेल, भाजी असेल, परतीला सरकी पेंड, खत, पाईप आणायचे असतील तर बसतं. नुसत्या कांदा-सोयाबीनला घेत असाल तर नका घेऊ, जादा भरायची वेळ येते. आणि भाडी मारून हप्ता फेडू असा विचार असेल तर वैरागच्या स्टँडवर आधीच किती पिकअप उभे असतात ते एकदा मोजून या.

माझ्या गाडीला मार्चमध्ये आठ वर्षं पुरी होतात. फिटनेसला न्यायच्या आधी पाटे खोलून बुश बघायचेत, मागचे ब्रेक लायनर घालायचेत आणि ती दुसऱ्या गिअरची खरखर यावेळी काढायचीच. गाडी सोमवारी गॅरेजला टाकतोय, तीन दिवस मिळणार नाही. ज्यांनी पेंडीला सांगितलंय त्यांनी शुक्रवार धरा.