मूळ शोधणारे वैद्य

आरे कॉलनींत सकाळच्या प्रहरीं फिरावयास येणाऱ्या मंडळींत राजकारण, मुलांच्या परीक्षा आणि भाजीचे भाव हे बोलण्याचे नेहमींचे विषय. अलीकडे मात्र पोटाच्या तक्रारी, रक्ताच्या तपासण्या आणि कोणी कोणतें अन्न सोडलें, हेंच अधिक ऐकूं येतें. त्यांत ‘फंक्शनल मेडिसिन’ हें नांव वारंवार निघतें. कोणी तें श्रद्धेनें उच्चारतो, कोणी नाक मुरडतो. परंतु हे वैद्य म्हणजे नक्की कोण, असें विचारलें असतां दोन्ही पक्षांचीं उत्तरें सारखींच अपुरीं पडतात. एकत्र कुटुंबांत एकाच्या पथ्याचा परिणाम साऱ्या स्वयंपाकघरावर होतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणें विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

पहिला समज असा कीं, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी यांप्रमाणें ही एक निराळी पॅथी असून तिची स्वतंत्र पदवी असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. जेफ्री ब्लँड या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञानें १९९१ सालीं आपल्या पत्नीसह या विचाराची संस्था अमेरिकेंत स्थापिली. रोगाला नांव देऊन थांबूं नये, तो कां झाला हें रोग्याच्या आहारांत, झोपेंत, श्रमांत व मनस्तापांत शोधावें, हें तिचें सूत्र. आपल्याकडे वैद्यकाच्या मान्य शाखांत या नांवाची शाखा नाहीं. त्यामुळें ही पाटी लावणारा गृहस्थ एम्. बी. बी. एस्. असूं शकतो, बी. ए. एम्. एस्. असूं शकतो, आहारतज्ज्ञ असूं शकतो, किंवा कांहीं महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केलेला केवळ हौशीही असूं शकतो. पाटी एकच, पण तिच्यामागचें ज्ञान आणि कायद्यानें दिलेला अधिकार हीं अगदीं वेगवेगळीं.

हा भेद नुसता कागदावरचा नव्हे. मुंबईंत १९९२ सालीं तापानें आजारी पडलेल्या एका गृहस्थांस होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरानें ॲलोपॅथीचीं औषधें दिलीं, आणि थोड्याच दिवसांत ते दगावले. त्यांच्या पत्नीनें न्यायालयांत दाद मागितली. जी चिकित्सापद्धति आपण शिकलों नाहीं तिचीं औषधें देणें हाच मुळीं निष्काळजीपणा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिला. पाटीवरील मोठें नांव वाचण्यापूर्वीं खालची बारीक अक्षरांतील पदवी व नोंदणीक्रमांक कां वाचावा, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरा समज आपल्या अभिमानास गोड वाटणारा आहे. ‘हा तर आपलाच आयुर्वेद, इंग्रजी वेषांत!’ असें आमचे कांहीं स्नेही म्हणतात. रोगाचें कारण टाळणें, म्हणजे निदानपरिवर्जन, ही चिकित्सेची पहिली पायरी होय हें आयुर्वेदानें फार पूर्वीं सांगितलें, यांत शंका नाहीं. पण एक दोष व प्रकृति पाहतो. दुसरा रक्तांतील घटक मोजून जीवनसत्त्वें व क्षार देतो. साम्य हेतूंत आहे, साधनांत नाहीं. एकाच्या जाणकारास दुसरें आपोआप येतें असें समजणें दोघांवरही अन्याय करणारें आहे.

तिसरा समज पथ्याविषयींचा. १९४९ सालीं मुंबईकरांस स्वच्छ दूध मिळावें म्हणून जी वसाहत वसविली, तिच्याच रस्त्यावर आज ‘आधीं दूध सोडा’ हा उपदेश ऐकूं येतो. पुष्कळ भारतीय प्रौढांस दुधांतील शर्करा नीट पचत नाहीं, हें खरें आहे. त्यांतल्या अनेकांस दही चालतें. परंतु एकास दूध बाधलें म्हणून मुलांच्या पुढचाही पेला उचलावा, हें शास्त्र नव्हे. गव्हाचेंही तसेंच. गव्हामुळें आंतड्यास इजा होणारा सीलियाक नांवाचा रोग खरोखरीच आहे. पण त्याची रक्ततपासणी रोगी गहू खात असतांनाच करावी लागते. आधींच पोळी सोडली, तर असलेला रोग तपासणींत लपतो. पदार्थांची लांबलचक यादी देणारी ‘आयजीजी’ तपासणी तर बहुधा एवढेंच सांगते कीं, ते पदार्थ आपण खात असतों!

चौथा समज, जीवनसत्त्वाच्या गोळीनें अपाय होत नाहीं हा. आमच्या एका थोरल्या चुलतभगिनी आरेच्या वेशीजवळ गोरेगांवांत राहतात. घरांत सर्वजण त्यांना अक्का म्हणतात. थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावल्यामुळें त्या कैक वर्षें रोज सकाळीं एक गोळी घेत. थकवा आणि केसांची गळती यांसाठीं त्या अशा एका चिकित्सकांकडे गेल्या. त्यांनीं तासभर सारी हकीकत ऐकली, जेवणाची, झोपेची व चालण्याची शिस्त घालून दिली, आणि अक्कांना खरोखर हुशारी वाटूं लागली. मात्र केसांसाठीं बायोटिन या जीवनसत्त्वाची मोठी मात्राही सुरू झाली. दोन महिन्यांनीं केलेल्या तपासणींत थायरॉईडचा जोर उलट वाढलेला दिसला, आणि ‘आतां मूळच गेलें’ म्हणून जुनी गोळी बंद करण्यांत आली. पावसाळा सरेपर्यंत अक्कांचा चेहरा सुजला, नाडी मंदावली, बोलणें जड झालें. घरच्या डॉक्टरांनीं प्रथम त्यांच्या उशाजवळच्या डब्या पाहिल्या. बायोटिनच्या मोठ्या मात्रेनें थायरॉईडच्या कांहीं तपासण्यांचे आंकडे खोटे येतात, हें त्यांना ठाऊक होतें. बायोटिन थांबवून कांहीं दिवसांनीं पुन्हां रक्त तपासलें, तेव्हां खरी स्थिति कळली. जुनी गोळी सुरू झाली आणि अक्का हळूहळू सावरल्या. चालणें व वेळेवर जेवणें त्यांनीं सोडलेलें नाहीं. त्याचा लाभ आजही त्यांना होतो.

म्हणूनच ‘हे सारे भोंदू’ हा पांचवा समजही आम्हांस मान्य नाहीं. रोग्याचें तासभर ऐकून घेणारा वैद्य दुर्मिळ आहे, आणि आहार व झोप यांविषयींचा त्याचा उपदेश पुष्कळदां हिताचाच असतो. वाचकांनीं मात्र तीन गोष्टी विचाराव्या: आपली पदवी व नोंदणी कोणती? या तपासणीच्या निकालानें उपचारांत काय बदलेल? आणि या गोळ्या चालू औषधाबरोबर चालतील काय? चालू औषध तें देणाऱ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून बंद करूं नये, आणि प्रत्येक डॉक्टरापुढें घरांतल्या सर्व डब्या मांडाव्या.

आणखी एक विनंति घरांतल्या कर्त्या मंडळींस. थकल्याची तक्रार करणाऱ्या वडील स्त्रीला ‘वयाचें आहे’ असें म्हणून आपल्या घरांतून वाटेला लावण्याची चाल आहे. तिचें कोणी ऐकत नाहीं, तेव्हां जो ऐकेल त्याच्याकडे ती जाते व तो सांगेल तें करते. तिला नांवें ठेवण्यापेक्षां घरांतल्या एकानें तिच्याबरोबर जावें, तेथें काय सांगितलें तें नीट ऐकावें, आणि घरीं आल्यावर घरच्या डॉक्टरांस दाखवावें.