चौथा गडी गाडीतच होता

मोबाइलवरच्या खेळाच्या सामन्यात नेट गेलेल्या गड्याला आम्ही वाऱ्यावर सोडलं नाही म्हणून आमचे गुण कापले गेले. ते मला अजून सलतं. बक्षिसाचं काही नाही, ती रक्कम चौघांत वाटल्यावर रिचार्जलाही पुरली नसती.

आम्ही चौघं एकाच वसतिगृहातले. तिघं चंद्रपुरात राहिलो, चौथा गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे आपल्या गावी परतला. आमच्या खेळावर, पब्जीवर, २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, २०२१ च्या जुलैत त्याच्या जागी बीजीएमआय आला, वर्षभरानं तोही काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. दर वेळी आम्ही पुन्हा जमलो. जेवणं झाली की कानात चौघांचे आवाज.

स्पर्धा ऑगस्टमधली, एका मंडळानं भरवलेली. सामना आपापल्या घरून खेळायचा, रूमचा आयडी आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर येणार. ऑगस्ट म्हणजे तिकडे काय, हे गडचिरोलीच्या माणसाला सांगायला नको. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. वीज जाते आणि काही वेळानं मोबाइलचा टॉवरही बसतो. चौथ्यानं आधीच सांगितलं होतं, "दुसरा घ्या बे कोणी, माझं नेट जाऊन राहिलं." दुसरा घ्यायचा विचार आमच्या कुणाच्याच मनात आला नाही.

झोन, म्हणजे खेळात जिवंत राहता येईल तेवढी जागा, आकसायला लागला तेव्हा आम्ही गाडीत होतो, मी चालवत होतो, तो मागच्या सीटवर. "पुलावर कोणी आहे, सांभाळून," एवढं बोलला आणि आवाज तुटला. खेळणाऱ्यांना माहीत असेल, नेट गेलं की खेळातला माणूस जिथे असेल तिथेच थिजतो. मैदानात उभा असता तर झोननं नाही तर कुणाच्या तरी गोळीनं मेला असता. गाडीत होता म्हणून गाडीबरोबर फिरत राहिला. मग ठरलं, याला घेऊनच फिरायचं. मी स्टेअरिंग सोडायचं नाही, बाकी दोघांनी उतरून लढायचं.

टेकडीमागे थांबलो आणि तिथेच आमचा एक नॉक झाला, म्हणजे गोळ्या लागून खाली पडला. त्याला उठवायला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांत उठवणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही, नुसतं आपल्या माणसाजवळ वाकून बसायचं. गोळ्या चालू होत्या. पडलेला ओरडला, "गाडी आडवी लाव ना बे!" मी ओरडलो, "त्यात तो आहे ना बे!" गाडी आडवी लावली असती तर पहिली गोळी मागच्या सीटला लागली असती. कुणी काही बोललं नाही. तिसऱ्यानं पडलेल्याला सरपटतच दगडाआड यायला लावलं, तोवर त्याचं रक्त जवळजवळ संपलं होतं, आणि तिथे उठवलं. एक टायर फुटलेली गाडी मी तशीच पुढच्या झोनपर्यंत ओढत नेली.

शेवटच्या झोनमध्ये अचानक आवाज आला, "मी कुठी आहो बे?"

आम्ही तिघं एकदम ओरडलो. तो उतरला, मागून येणाऱ्या दोघांना त्यानं टिपलं. आम्ही दुसरे आलो.

रात्री ग्रुपवर मेसेज पडला : डमी गडी लपवून खेळल्याबद्दल या सामन्याचे गुण शून्य. कोणत्या नियमानं, असं मी विचारलं. नियमांच्या यादीत तसं काहीही नव्हतं. उत्तर आलं नाही, मला ग्रुपमधून काढलं.

मोबाइलवरच्या खेळांनी पोरं एकलकोंडी होतात म्हणतात. आमचं बघा. दिवसा आम्ही तिघं पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावतो, तेही एकमेकांच्या विरोधात, कारण जागा मोजक्याच. अभ्यासिकेत शेजारी बसलेला कोणतं पुस्तक वाचतो, ते लपवतो. ज्यात मित्र टिकला तर आपणही टिकतो, असं आमच्या दिवसात रात्रीच्या त्या तासाशिवाय काही नाही. म्हणून ओढ आहे. पोरांना रागावणाऱ्या आईवडिलांनी एकदा शेजारी बसून ते काय बोलतात ते ऐकावं.

पण बंदुका मला खटकतात. चौथ्याच्या गावाला खरा गोळीबार माहीत आहे. त्याच्या आईनं मोबाइलमधला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा उठून दार लावलं होतं. तेव्हापासून तो हेडफोनशिवाय खेळत नाही. 'इट टेक्स टू' नावाचा एक खेळ आहे, २०२१ मध्ये द गेम अवॉर्ड्सचा वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. तो एकट्याला खेळताच येत नाही, दोघंच लागतात आणि एकानं विकत घेतला तरी चालतो. पण त्याला चांगला कॉम्प्युटर किंवा कन्सोल पाहिजे. आमच्याकडे आहे तो मोबाइल, म्हणून बंदुकाच.

आयोजकांवरचा राग आता पहिल्यासारखा राहिला नाही. समोरच्या संघाच्या जागी बसून पाहिलं तर गाडीत बसून राहिलेला आणि शेवटी उतरून मारणारा गडी हा डावच वाटला असेल. मलाही वाटला असता. तरी शून्य गुण मान्य नाहीत. त्याला गाडीतच सोडून निघून गेलो असतो तर कुणी हरकत घेतली नसती, हे मला पटत नाही.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एकच विनंती. भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याच्या पोरांची प्रवेश फी तुम्ही घेता. तर सामन्यात नेट गेलं तर काय होईल, हे नियमांत लिहा आणि रूमचा पासवर्ड पाठवण्याआधी सगळ्यांना कळवा.