ओढ्याकाठची निर्गुडी

ओढ्याच्या दरडीवर आपोआप वाढलेल्या झुडपांना आपण सरसकट रान समजतो आणि कोयता चालवतो. त्यात बिचारी निर्गुडीही जाते. तिला काटा नाही, ती पीक खात नाही, उलट ओलीच्या जागी मुळ्या पसरून माती धरून ठेवते.

आमच्या घरी यंदा हाच वाद झाला. थोरला म्हणाला, “आई, दरड साफ केली तर उसाच्या आणखी दोन सऱ्या बसतील.” हिशेब त्याचा बरोबर होता. मी त्याला वरच्या अंगाच्या रानाकडे घेऊन गेले. तिथे यंत्र लावून काठ मोकळा केला होता. दोनच पावसाळ्यांत बांधाची माती ओढ्यात गेली, आता कडेच्या सरीलाही धोका आहे. आमची दरड मात्र जागची हलली नाही. मुलगा काही बोलला नाही, पण कोयता अडकवून ठेवला.

निर्गुडी लावायला खर्च नाही. मृगाचा पाऊस झाला की अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्यावी. दोन डोळे मातीत जातील अशी तिरपी खोचावी. दोन काड्यांत तीन फूट अंतर पुरे. गुरं-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून राखणही नको. छाटली तरी पुन्हा फुटते. लवचिक फोकांच्या पाट्या विणता येतात. वाळलेला पाला धान्याच्या कणगीत घातला तर किडीला आळा बसतो, दशपर्णी अर्कातही तो लागतो. दुखऱ्या गुडघ्याला पाल्याचा शेक तर आपल्या आज्या देतच आल्या.

जांभळट तुरे आले की मधमाश्यांची ये-जा सुरू होते. गर्द फांद्यांत बुलबुल घरटं करतो, भारद्वाज बुडाशी किडे टिपत फिरतो.

ओढा नसेल त्या घरी परसात, न्हाणीचं पाणी जातं तिथे दोन काड्या लावाव्यात. मोठ्या झाडाच्या विरळ सावलीतही ती तगते, फक्त फुलं कमी येतात. तिच्या आडोशाला अळू आणि कर्दळ छान पोसतात. उन्हाळ्यात घराची तेवढीच बाजू गार राहते.

तेव्हा बायांनो, येत्या मृगात शेजारणीकडे एक काडी मागा. निर्गुडीच्या काडीला कुणी नाही म्हणत नाही.