दोन शहापूर आणि एक पिवळी नंबरप्लेट

"म्हसा ते शहापूर, दोन दिवस, ड्रायव्हरसकट." कल्याणच्या ट्रॅव्हल्सवाल्याने सांगितलेला रेट ऐकून मी फोनवरच उडालो. एवढं स्वस्त? मग कळलं, तो आमच्या मुरबाडशेजारच्या शहापूरचा रेट सांगत होता. मला हवं होतं बेळगावातलं शहापूर, आमच्या गावापासून साधारण पावणेपाचशे किलोमीटरवरचं!

आत्याचं सासर तिथलं. अण्णांचे गुडघे गेलेत, म्हणजे एसटी बाद. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसेस काही दिवस थांबल्या, ते अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. "एमएच नंबर बघून काचा फोडतील," हे किमान दहा वेळा ऐकलं.

शेवटी गाडी गावातच मिळाली. मालक आणि ड्रायव्हर एकच, शाळेतला माझा बेंचवाला मित्र. दहावीनंतर तो ट्रकवर क्लीनर झाला, मी इंजिनिअरिंगला गेलो. असो. दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरणार, टोल-पार्किंग वेगळं, रात्रीचा भत्ता ५०० रुपये. अस्मादिकांनी ताबडतोब एक्सेल शीट केली. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी स्वस्तात देणारा एक जण भेटला होता, पण ती भाड्याने फिरवणं बेकायदा. याची प्लेट पिवळी, वर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट. म्हणजे कर्नाटकचा टॅक्स वेगळा भरायला नको.

पहाटे चारला निघालो. कर्जत, खोपोली, एक्स्प्रेसवे. पाय लांब करायला अण्णा पुढे, मी मागे एकटा. "एसी वाढवू का, साहेब?" मित्राने विचारलं. मी हसलो. साताऱ्यापर्यंत लक्षात आलं की तो गंमत करत नाहीये.

कागलनंतर कोगनोळीचा टोलनाका गेला आणि पाट्यांची लिपी बदलली. अण्णा एकदम गप्प. संकेश्वरजवळ डिझेल भरायला थांबलो तर आमचा मित्र पंपावरच्या पोराशी घडाघडा कन्नड बोलायला लागला! बंगलोरच्या ट्रकलाईनवर शिकला म्हणे. मी त्याच बंगलोरात तीन वर्षं काढली आणि 'कन्नड गोत्तिल्ला'च्या पुढे गेलो नाही. त्या पोराने मग अण्णांना स्वच्छ मराठीत विचारलं, "कुठलं गाव, आजोबा?" अण्णांनी काच पूर्ण खाली केली.

बेळगाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलं, महाराष्ट्राचा २००४ सालचा दावा अजून सुप्रीम कोर्टात आहे, शहराचं अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी. आत्याचं शहापूर तर त्याआधी सांगली संस्थानात होतं. आत्या आमच्याशी मराठी, भाजीवालीशी कन्नड आणि शेजारच्या टेलरचाचांशी त्यांची दखनी बोलते. वाक्य मध्येच बदलतं, तिला कळतही नाही. अण्णांनी काचांचा विषय काढला तेव्हा म्हणाली, "भांडणं होतात की. पण सकाळी भाजी घ्यायचीच असते की रे, दादा."

जेवायला पानं तीन मांडली होती. मित्र म्हणाला, "मी बाहेर खातो, भत्त्यात धरलंय." आणि मी "बरं" म्हणालो! पटकन तोंडातून गेलं. शीटमध्ये तसंच होतं ना.

"कोण हा?" आत्याने विचारलं.

"याच्या वर्गातला," अण्णा म्हणाले.

आत्याने माझ्याकडे जे पाहिलं, ते इथे लिहीत नाही. चौथं पान मांडलं गेलं. रात्री तो गाडीत नाही, माझ्या शेजारी गादीवर झोपला. उशिरापर्यंत शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. एकदाही साहेब म्हणाला नाही.

परतताना कुंद्याचे दोन डबे घेतले, एक त्याच्या घरी. गावात पोहोचल्यावर हिशोब झाला, तर त्याने भत्त्याचे ५०० वजा केले. "आत्याकडे जेवलो, झोपलो. भत्ता कसला?" मी बराच वाद घातला, उपयोग शून्य. निघताना म्हणाला, "येतो, साहेब." या वेळी मात्र डोळा मारून.

पौष पौर्णिमेला म्हसोबाच्या जत्रेला आत्याला आणायचंय. गाडी त्याचीच. भाडं किती, हे विचारायची अजून हिंमत झालेली नाही.